हाडात रुजणारा दात
ज्येष्ठांसाठी दंतरोपण : निर्णय घेण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण हसत हसत सांगतो. परंतु ज्यांच्या तोंडात खरोखरच दात उरलेले नाहीत, त्यांना त्या म्हणीतले हसू फारसे जाणवत नाही. दात एका दिवसात जात नाहीत. आज एक दाढ हलू लागते, वर्षभराने तिच्या शेजारची काढावी लागते, आणि त्या प्रत्येक दाढेबरोबर ताटातला एकेक पदार्थ बाजूला सरकतो. आधी ऊस आणि मक्याचे कणीस जाते, मग पेरू, मग शेंगदाण्याची चिक्की, मग काकडी-गाजराची कोशिंबीर. ज्वारीच्या कडक भाकरीवर वाढलेली व्यक्ती ती दुधात कुस्करून खाऊ लागते. शेवटी मऊ भात, खिचडी, चहात बुडवलेले बिस्किट आणि केळे एवढ्यावरच दिवस निघतो. घरातल्या माणसांना वाटते, वयोमानाने भूक मंदावली. प्रत्यक्षात भूक असते, चावण्याचे साधन नसते. चोथायुक्त भाज्या, कडधान्ये, मांसाहार कमी झाला की बद्धकोष्ठ आणि अशक्तपणा मागोमाग येतात, आणि त्यांचे कारण कुणी तोंडात शोधत नाही.

गेलेल्या दातांच्या जागी काय बसवावे, याचे उत्तर अनेक पिढ्या एकच होते, ते म्हणजे कवळी. आता दंतरोपणाचा, म्हणजेच ज्याला सगळे ‘इम्प्लांट’ म्हणतात त्याचा, पर्याय तालुक्याच्या गावीही उपलब्ध झाला आहे. तो कोणाला उपयोगी, कोणाला धोक्याचा आणि कोणाला अनावश्यक, याचा विचार मात्र जाहिरातीच्या फलकावरून करता येत नाही.

दाताखालचे हाड

कवळी सैल का होते, हे आधी समजून घेऊ. जबड्याच्या ज्या कडेत दात रोवलेले असतात, ती हाडाची कड दातांमुळेच टिकून असते. चावताना दाताच्या मुळावर पडणारा दाब त्या हाडाला सतत जागे ठेवतो. दात निघाला की शरीराच्या लेखी त्या हाडाचे काम संपते व ते विरघळू लागते. पहिल्या वर्षभरातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. कवळी वापरणाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या कालावधीतील निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याची उंची वरच्याच्या सुमारे चौपट झिजते, असे त्यात आढळले. वरची कवळी टाळूला चिकटून निदान बसते तरी. खालची मात्र जिभेच्या प्रत्येक हालचालीसरशी उचलली जाते, ती का, याचा उलगडा यातून होतो. दंतवैद्याने कवळी वाईट केली असेलच असे नाही. तिच्याखालची जमीनच खचत असते. हनुवटी व नाक जवळ येणे, ओठ आत ओढले जाणे हा म्हातारपणाचा म्हणून ओळखला जाणारा चेहराही पुष्कळ अंशी याच झिजेचा परिणाम असतो.

चांगली कवळी बसवूनही चावण्याची ताकद स्वाभाविक दातांच्या साधारण एक-चतुर्थांश, पुष्कळदा त्याहूनही कमी राहते. एक-दोन दात गेले असतील तर ब्रिजचा मार्ग असतो, परंतु त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून लहान करावे लागतात. ते दात आधीच कमकुवत असतील, तर एकाला सावरताना दोघे गमावण्याची पाळी येते.

सशाच्या पायापासून माणसाच्या जबड्यापर्यंत

रोपणाचा शोध दातांचा विचार करताना लागलेला नाही. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक लहान नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढून पुन्हा वापरावी म्हणून पाहतात तो काय, ती निघेना! हाड धातूला नुसते लागून उभे नव्हते, त्याच्याशी एकजीव झाले होते. एरवी शरीर परकी वस्तू बाहेर ढकलते किंवा तिच्याभोवती मऊ आवरण तयार करते. टायटॅनियमच्या बाबतीत तसे घडले नाही. १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी चार खुंट्या बसवल्या. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेल्या लार्सन यांना धड चावता येत नव्हते. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे, २००६ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी त्या खुंट्यांवरील दात वापरले. तरीही जगभरातील दंतवैद्यकाने या पद्धतीकडे गांभीर्याने पाहायला १९८२ची टोरांटो येथील परिषद उजाडावी लागली. नव्या उपचाराबाबत वैद्यकशास्त्राने सावध असावे हे खरेच, पण सतरा वर्षे जरा जास्तच झाली.

आजही मूळ कल्पना तीच आहे. साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा व आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. तो दाताचे मूळ. त्यावर एक जोड आणि त्या जोडावर दिसणारा दात, म्हणजेच कॅप. दाढ काढताना देतात तशीच जागेवरची भूल पुरते. हाडात छिद्र पाडताना सलाइनचे पाणी सतत सोडले जाते, कारण हाड घर्षणाच्या उष्णतेला फार नाजूक असते. ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी तेथील पेशी मरतात आणि मग स्क्रू रुजत नाही. एका खुंटीला बहुधा तासाभराच्या आत वेळ लागतो. नंतर दोन-तीन दिवस सूज व ठणका राहतो, आठ-दहा दिवसांनी टाके काढतात. बहुतेकांचा अनुभव असा, की दाढ काढण्यापेक्षा हे सोपे गेले.

खरी परीक्षा नंतरच्या प्रतीक्षेची. खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या, अधिक सच्छिद्र जबड्यात चार ते सहा महिने हाडाला रुजण्यासाठी द्यावे लागतात. हाड कमी असेल तर हाडाची भर घालणे, वरच्या दाढांच्या जागी पोकळीचा तळ उचलणे अशा आणखी शस्त्रक्रिया लागतात व कालावधी वर्षभरापर्यंत लांबतो. हाडाची स्थिती उत्तम असताना त्याच दिवशी तात्पुरते दात बसवता येतात, हे खरे आहे. पण ‘तीन दिवसांत पक्के दात, सर्वांना’ असा सरसकट दावा कोणी करत असेल, तर तेथून शांतपणे उठून यावे.

‘आता या वयात कशाला?’

हा प्रश्न बहुधा रुग्णच विचारतो. “अगं, पिकलं पान मी, आता दात बसवून कुणाला दाखवायचेत?” असे सासूबाई म्हणतात, आणि “अहो आई, दाखवायला नाही, खायला,” असे सूनबाई समजावते. कधी उलट घडते. आजोबांना रोपण हवे असते, पैसेही त्यांचे स्वतःचे असतात, आणि मुले मात्र आपापसात हिशेब मांडतात, की पंच्याहत्तराव्या वर्षी एवढा खर्च किती वर्षांसाठी? या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर स्पष्ट आहे. रोपणाला वयाची खालची मर्यादा आहे, कारण जबड्याची वाढ पूर्ण झालेली असावी लागते. वरची मर्यादा नाही. ऐंशी वर्षांच्या निरोगी व्यक्तीच्या हाडात स्क्रू रुजतो, आणि पन्नाशीतल्या, साखर अनियंत्रित असलेल्या व तंबाखू न सोडणाऱ्या माणसाच्या हाडात तो निकामी होऊ शकतो. जगभरच्या अनुभवात दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदहून अधिक रोपणे टिकून असतात. किती वर्षे मिळणार याचा हिशेब मुलांनी मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसातून तीन वेळा येणारा जेवणाचा प्रश्न ज्याचा, निर्णयही त्याचाच.

औषधांची पिशवी बरोबर न्या

ज्येष्ठांच्या बाबतीत खरा प्रश्न जन्मतारखेचा नसून चालू असलेल्या औषधांचा असतो. दंतवैद्याकडे जाताना गोळ्यांची संपूर्ण पिशवी, जुने रिपोर्ट आणि गेल्या काही वर्षांत घेतलेल्या इंजेक्शनांची नोंद न्यावी. ‘दाताच्या डॉक्टरला हृदयाचे काय सांगायचे?’ ही समजूत महागात पडते.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारे औषध म्हणजे हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिले जाणारे. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड, सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे हाडाची झीज रोखतात, पण त्याचबरोबर हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची गतीही मंदावते. जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यास क्वचित तेथील हाड उघडे पडून मृत होते व जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ऑस्टिओपोरोसिससाठीच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका कमी असतो, त्यामुळे रोपण अशक्य ठरत नाही. मात्र कर्करोग हाडात पसरल्यामुळे हीच औषधे मोठ्या मात्रेत चालू असतील, तर रोपण टाळणेच योग्य. वर्षातून एकदाच घेतलेले इंजेक्शन औषधांच्या यादीत लिहिलेले नसते आणि रुग्णाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने ते आठवणीने सांगावे. आणि एक तितकेच महत्त्वाचे : रोपण करायचे म्हणून ही औषधे परस्पर बंद करू नयेत. डेनोसुमॅबचा पुढचा डोस चुकवल्यास मणक्याची हाडे मोडण्याची भीती असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांपैकी अनेकजण दंतवैद्याकडे जायचे म्हणून आपल्या मनाने दोन दिवस आधी गोळी थांबवतात. एक-दोन खुंट्यांच्या साध्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव दाबून, टाके घालून थांबवता येतो. गोळी थांबल्यामुळे स्टेंटमध्ये झालेली गुठळी मात्र जिवावर बेतू शकते. वॉरफरिन चालू असेल तर आधी आयएनआर तपासतात. काय चालू ठेवायचे, काय नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचे आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर रोपण काही महिने पुढे ढकलतात. दाताची घाई नसते. हृदयात कृत्रिम झडप असल्यास प्रतिजैविक आधी घ्यावे लागते.

मधुमेहाबद्दल थोडक्यात सांगायचे तर मधुमेह आहे म्हणून रोपण नाही, असे नव्हे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी सात-आठच्या आत असावी, अशी दंतवैद्यांची अपेक्षा असते. तेवढी ती आणता आली तर जखम भरण्याची व स्क्रू रुजण्याची शक्यता इतरांच्या जवळपास जाते.

तंबाखूचे मात्र तसे नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये रोपण निकामी होण्याचे प्रमाण निश्चितपणे अधिक असते. आपल्याकडे त्यात मिश्रीची भर पडते. अनेक घरांतील आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासण्याची पूड असते. सुपारी व गुटख्यामुळे तोंड पुरेसे उघडत नसेल, तर उपकरण आत जाण्यापासूनच अडचण सुरू होते, आणि रोपणापूर्वी त्या आजाराची तपासणी आवश्यक ठरते. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झालेले असल्यास त्या हाडाला हात लावण्याआधी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला हवाच.

दोन खुंट्यांची कवळी

रोपण म्हटले की बत्तीस दातांना बत्तीस स्क्रू, असे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येते आणि ते घाबरतात. तसे कोणीही करत नाही. चार किंवा सहा खुंट्यांवर संपूर्ण जबड्याचे पक्के दात बसवता येतात. परंतु खालची कवळी उडते म्हणून त्रासलेल्या सर्वसाधारण ज्येष्ठ व्यक्तीसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याहून कितीतरी साधा उपाय : खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन खुंट्या आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी. या पुढच्या भागात हाड बहुधा शिल्लक असते. ओठाला संवेदना देणारी नस तेथून मागे असल्यामुळे तिला इजा होण्याची भीतीही कमी. कवळी रात्री काढता येते, धुता येते, पण जेवताना जागची हलत नाही. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्यांसाठी दोन खुंट्यांवरील कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असे एकमताने सुचवले. पुष्कळदा अस्तित्वात असलेल्याच कवळीला आतून बटणे बसवून हे काम होते. आतली नायलॉनची वळी झिजतात व ठरावीक काळाने बदलावी लागतात. तो खर्च किरकोळ असतो.

खर्चाचा विषय निघालाच आहे. आपल्या शहरांत एका खुंटीचा कॅपसह खर्च साधारण २५,००० ते ६०,००० रुपयांच्या दरम्यान सांगितला जातो. कंपनी, हाडाची भर आणि दवाखान्याची जागा यांवर तो बदलतो. नेहमीच्या आरोग्यविम्यात तो सहसा मिळत नाही. शासकीय व महापालिकेच्या दंतमहाविद्यालयांत खर्च कमी येतो, परंतु फेऱ्या अधिक होतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हाही हिशेब धरावा. फलकावरची किंमत अनेकदा फक्त स्क्रूची असते. म्हणून स्कॅन, जोड, कॅप, हाडाची भर, तात्पुरते दात आणि रोपण न रुजल्यास पुढे काय, हे सगळे आधी लेखी मागावे. जबड्याचा सीबीसीटी स्कॅन न काढता, केवळ तोंडात डोकावून ‘उद्या या, बसवून टाकू’ असे सांगितले गेले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. त्यात संकोच कसला? आणि सध्याची कवळी नीट बसत असेल, आवडीचे सगळे खाता येत असेल, तर शेजाऱ्यांनी रोपण करून घेतले एवढ्या कारणासाठी ते करू नये.

रुजल्यानंतरची राखण

रोपणाचा दात किडत नाही. त्यामुळे तो आता कायमचा, असे समजून ब्रश बाजूला पडतो आणि तेथेच गडबड होते. स्वाभाविक दाताभोवती असणारा तंतूंचा गादीसारखा थर रोपणाला नसतो. दातांची कीड त्याला लागत नसली, तरी भोवतीच्या हिरडीला जंतुसंसर्ग होतो व तो सरळ हाडात उतरून ते पोखरू लागतो. सुरुवातीला हे दुखत नाही. ब्रश करताना रक्त दिसणे, हिरडी लालसर व फुगीर होणे, दाबल्यावर पू येणे, ही चिन्हे दिसताच दाखवावे. त्या थराच्या अभावी चावण्याच्या जोराची जाणीवही कमी असते, म्हणून सुपारी फोडणे किंवा दाताने बाटलीचे झाकण उघडणे हे पराक्रम या दातांवर करू नयेत. दर सहा महिन्यांनी तपासणी, वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे.

ज्यांना पार्किन्सन आहे, अर्धांगवायू होऊन गेला आहे किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, त्यांच्या बाबतीत एक प्रश्न उपचाराआधीच विचारावा : पाच वर्षांनी हे दात कोण घासणार? पक्क्या बसवलेल्या दातांखाली वाकड्या ब्रशने पोहोचणे हे दुसऱ्याच्या तोंडात फार कठीण असते. विशेषतः तोंड घट्ट मिटून घेणाऱ्या रुग्णाच्या. अशा वेळी काढता येणारी, बटणांवर बसणारी कवळीच बरी. तीही पुढे अवघड झाली, तर बटणाचा जोड काढून खुंटी हिरडीखाली तशीच झाकून ठेवता येते. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यात असेल, तर नव्याने रोपण करू नये.

शुश्रूषा करणाऱ्याचा दिनक्रम साधा आहे. रुग्णाला बसते करावे, मान किंचित पुढे. हातमोजे घालून कवळी काढावी आणि ती पाण्याने अर्धे भरलेल्या पातेल्यावर धरून धुवावी, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. साधा साबण व मऊ ब्रश पुरतो. उकळते पाणी घातल्यास कवळीचा आकार बिघडतो. मग तोंडातल्या दोन खुंट्यांच्या भोवती लहान मऊ ब्रश गोलाकार फिरवावा, हिरडीच्या कडेला विशेष. कवळी रात्री पाण्यात ठेवावी, तोंडात नव्हे. रात्रभर कवळी ठेवणाऱ्या वृद्धांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळते, आणि हिरडीलाही विश्रांती लागते.

खुंटी बसवल्या दिवशी दवाखान्यातून एक कार्ड मिळते. त्यावर कंपनीचे नाव, स्क्रूची जाडी-लांबी, बॅच क्रमांक व तारीख असते. मिळाले नाही तर मागून घ्यावे. दहा वर्षांनी जोड सैल झाला आणि पहिले दंतवैद्य निवृत्त झालेले असले, तर दुसऱ्याला त्या मापाची हत्यारे शोधायला ते कार्डच उपयोगी पडते. ते फाइलमध्ये ठेवून शिवाय मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा. एमआरआय करण्याची वेळ आली तरी तेच दाखवावे. टायटॅनियममुळे सहसा अडचण येत नाही, पण काढता येणारी कवळी, विशेषतः चुंबकाची जोडणी असलेली, मशिनमध्ये जाण्याआधी काढून डबीत ठेवावी आणि डबीवर नाव लिहावे.